एका बोटाची जागा

मंगळवारी अर्जुनीच्या दवाखान्यात
माझ्या टेबलाचा एक पाय आखूड असतो,
त्याखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
टेबलावर रायवंता दिघोरे, वय बेचाळीस,
डाव्या कुल्ल्यावर बसलेली, उजवा अधांतरी,
बोडीतल्या बगळ्यासारखी.

कुठं दुखतं, विचारलं की बहुतेक जण
कंबरभर तळहात फिरवतात, अंगण सारवावं तसा.
हिनं पदर सरकवला, हात मागे नेला
आणि एक बोट टेकवलं.
"इतं. बाकी कुठीच नाई जी."
बोट उचललं, पुन्हा टेकवलं. तीच जागा.
कमरेच्या खळीपासून बोटभर आत, बोटभर खाली.

गोंदियात फोटो निघाला होता. फोटोत काही नव्हतं.
मग घरात ठरलं, हिलाच काही नाही.
भाच्यानं नऊशेचा पट्टा आणून दिला,
तो आता खुंटीची कंबर सांभाळतो.

मी सांगू लागते, आणि सांगताना मलाच नवल वाटतं:
कणा खाली येता येता पाच मणके एकमेकांत मिसळतात,
त्यांचं एक उलटं त्रिकोणी हाड होतं, त्रिक,
दोन बाजूंच्या दोन हाडांत पाचरीसारखं ठोकलेलं.
जिथे ती भेटतात, तिथला आकार कानाचा.
खरंच, कान.
कानाला कान लावून ती जन्मभर
धडाचं ओझं पायांना सांगत राहतात.
हलतात किती? तांदळाच्या कणीएवढी.

"कणीच ना," ती म्हणाली,
"भातातला खडाबी कणीएवढाच रायते."

आधी जे नाही ते बाजूला काढायचं.
पाय सरळ उचलला, कळ पोटरीत उतरली नाही.
अंगठा माझ्या हाताला पुरून उरला.
गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला, ती हसली.
ताप येतो? वजन उतरलं? पहाटे आखडतं?
नाई. नाई. नाई जी.

मग पाच परीक्षा,
दुखवूनच विचारावे लागतात असे पाच प्रश्न.
पुढची दोन्ही हाडं बाहेर ढकलली: काही नाही.
कुशीवर घेऊन वरून दाबलं: "जराकसं."
मांडी उभी धरून तिच्यातून खाली भार दिला, तशी
"तेच! डोंगीत दुकते ना, तेच हे!"
वैऱ्याची ओळख पटल्याचा आनंद
इतका स्वच्छ मी कमी चेहऱ्यांवर पाहिलाय.
एक पाय टेबलाबाहेर लोंबता सोडला: तेच.
पालथी करून त्रिकावर तळहात रोवला: तेच.
पाचांत तीन. "जराकसं" धरलं तर साडेतीन,
पण वहीत अर्धा लिहीत नाहीत.
लिहिलं: उजवा त्रिक-श्रोणी सांधा, बहुधा.

डोंगी म्हणजे पोखरलेलं खोड, दोन वितींचं.
उजव्या कुल्ल्यावर सगळा भार, डावा गुडघा वर,
वाकून वेल उलटायचा, शिंगाडा तोडायचा,
वेल परत पाण्यात, पुढचा वेल.
दिवसाचे सहा तास. अठरा हंगाम.

म्हटलं, दोन्ही कुल्ल्यांवर सारखी बसत जा.
"मंग वेल का डोंगीत येऊन बसन, बाई?"

मी शिकले त्या पुस्तकात डोंगी नव्हती.

थोड्या वेळानं तीच म्हणाली,
"घडीभर तोंड फिरवून बसीन. डाव्या अंगानं तोडीन.
बुढा म्हनन, उलटी बसली. म्हनू दे."
मी पाठीवर निजून कुल्ले उचलायला शिकवलं,
झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायला.
उशी नव्हती. जुन्या लुगड्याची गुंडाळी चालेल, म्हटलं.

चौथ्या मंगळवारी आली.
ओच्यात शिंगाडे, बोटं काळी, काट्यांनी ओरखडलेली.
बसली, सगळी बसली.
कुठं दुखतं, विचारलं.
हात मागे गेला. बोट टेकलं. उचललं.
जरा खाली. जरा आत.
"थांबा जी," ती म्हणाली,
"इतंच होतं कुठीतरी."